अंगठ्याची खूण

मार्च संपत आला की आमच्या घरामागच्या मैदानाला एक वास सुटतो. चार महिने बर्फाखाली दबलेलं गवत, त्याखालची काळी माती आणि कुणीतरी वर्षात पहिल्यांदाच सुरू केलेल्या गवत कापायच्या यंत्राचा धूर. या वासाला मराठीत नाव नाही, इंग्रजीतही नसावं. नेपरव्हिलला येऊन मला आता सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं तो मला नुसताच चिखलाचा वास वाटायचा. आता तो आला की हवा कितीही बोचरी असली तरी मी स्वयंपाकघराची खिडकी उघडते आणि ओट्याशी तशीच उभी राहते. थोड्या वेळाने आवाज येतोच. चामड्याच्या जाड हातमोज्यात चेंडू बसल्याचा. मिलिंद ऑफिसातून येऊन बॅग खांद्यावरून उतरवत म्हणतो, "झालं का तुझं सीझन सुरू?"

माझं सीझन एकच. २००४ सालचं. त्यानंतर चार वसंत आले आणि गेले, पण मैदान वाळायला लागलं की मी त्याच एका वसंतात जाऊन पोचते.

तेव्हा मिलिंद सकाळी सातच्या ट्रेनने शिकागोला जायचा आणि संध्याकाळी सातला परत यायचा. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. गॅरेजमध्ये गाडी आणि घरात मी, अशा आम्ही दोघी दिवसभर उभ्या असायचो. दूध संपलं तर रविवारची वाट बघायची. मिलिंदने मला मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी शिकवायचा प्रयत्न केला, पण तो शिकवत कमी आणि दचकत जास्त होता. तिसऱ्या रविवारी आम्ही एकमेकांशी न बोलता घरी आलो. सोमवारी त्याने मुकाट्याने एका ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला.

अशा रीतीने डेल आमच्या दारात आला. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. गाडीत बसायची त्याची एक पद्धत होती. आधी सीटवर बसायचा, मग दोन्ही हातांनी एक पाय उचलून आत घ्यायचा, मग दुसरा. शेजारच्या गावातल्या शाळेत तो मुलांना ड्रायव्हिंग शिकवायचा, बेसबॉलच्या संघाचा कोच होता, आणि शनिवारी माझ्यासारख्या मोठ्यांचे धडे घ्यायचा. त्याच्या बाजूलाही एक ब्रेक होता, पण तो तिथे पाय ठेवायचाच नाही. पहिले दोन आठवडे मी त्याला सर म्हटलं. तो म्हणाला, सर म्हटलं की मला वाटतं कुणीतरी मला ओरडणार आहे.

तिसऱ्या धड्याला आम्ही लाल सिग्नलला थांबलो होतो. त्याने माझ्या स्टीअरिंगवरच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, हे बोट कशाने वाकडं झालं? माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेचं शेवटचं पेर बाहेर वळलेलं आहे. मी सांगितलं, क्रिकेट. मी कॉलेजात विकेटकीपर होते. मग मला त्याला विकेटकीपर म्हणजे काय ते सांगावं लागलं. चार वर्षं विद्यापीठाच्या मुलींच्या संघात खेळले. नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात, मॅटिंगवर, रोज तीन तास उकिडवं बसायचं. मुखवटा असायचा का, त्याने विचारलं. नाही. सिग्नल हिरवा झालेला विसरून तो माझ्याकडे बघत राहिला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मग त्याने आपला उजवा हात डॅशबोर्डवर ठेवला. चार बोटं चार दिशांना गेली होती.

"मी पण तिथेच बसायचो," तो म्हणाला. "बॅट्समनच्या मागे. दहा वर्षं."

खेळणं का सोडलंस, असं त्याने विचारलं. कुणी सोड म्हटलं नव्हतं. एम.एस्सी. झालं, लग्न ठरलं, आणि पुढे कुणी खेळतेस का म्हणून विचारलंच नाही.

त्याची दहा वर्षं मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक वेळा डावीकडे वळताना. इंडियानातल्या एका लहान गावातून अठराव्या वर्षी एका संघाने त्याला उचललं होतं. इथे मोठ्या संघांच्या हाताखाली लहान गावांतून लहान संघ असतात, त्यांना मायनर लीग म्हणतात. पोरं एकेक पायरी चढत वर जातात, किंवा जात नाहीत. डेल कॅचर होता. पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू झेलायचा, कुठला टाकायचा ते मांड्यांच्या आडून बोटांनी खुणावायचं, आणि पिचर घाबरला की त्याच्यापाशी चालत जाऊन काहीतरी फालतू बोलायचं. हे सगळं त्याला उत्तम यायचं. बॅटिंग मात्र यायची नाही. तो वरून दुसऱ्या पायरीपर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. बसमध्ये झोपणं, मोटेलचे जिने, बायकोला फोन, मग एके वर्षी बायकोचा फोन. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नसायची. एखाद्याने आपल्या गावचा रस्ता सांगावा तसं तो सांगायचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने विचारलं, मी त्याच्या संघाच्या सरावाला येईन का. त्याच्याकडे दोन कॅचर होते आणि दोघांनाही जमिनीवर आपटून येणारा चेंडू अडवता येत नव्हता. "मला तोंडाने सांगता येतं," तो म्हणाला, "पण बसून दाखवता येत नाही. माझे गुडघे संपले. तू दाखवशील?"

पगार नसेल तर हरकत नाही, असं मिलिंदने कुणा वकिलाला विचारून सांगितलं. मग आठवड्यातून तीन दुपारी डेल मला न्यायला-सोडायला यायला लागला. जाताना गाडी मी चालवायची. पहिल्या दिवशी कुर्ता आणि स्पोर्ट्स शूज घातलेली बाई बघून पोरं एकमेकांना कोपर मारत होती. मी त्यांचा हातमोजा घातला, उकिडवी बसले आणि डेलला म्हटलं, टाका. नऊ वर्षांनी बसले होते. मांड्या पेटल्या. पण हात विसरले नव्हते. टप्पा पडून येणारा चेंडू म्हणजे त्या पोरांना संकट वाटायचं. आमचं सगळं आयुष्यच टप्पा पडून आलेल्या चेंडूवर गेलेलं. दहापैकी नऊ घेतले. ट्रेव्हर नावाचा त्यांचा पहिला कॅचर, सतरा वर्षांचा, उंच आणि अबोल, जवळ येऊन म्हणाला की पुन्हा दाखवाल का, पण हळू. त्या दिवशी घरी आल्यावर मला जिना चढता येईना. मिलिंद हसत होता आणि मी पायरीवर बसून त्याच्यापेक्षा जास्त हसत होते. अमेरिकेत आल्यापासून अंग दुखायची ती पहिलीच वेळ.

त्या एप्रिलच्या दुपारी मला अजून स्पर्शाने आठवतात. गार हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मॅपलच्या झाडांना पानांच्या आधी लालसर तुरे फुटायचे आणि वारा आला की ते मैदानभर पसरायचे. डेल एक प्लॅस्टिकची बादली उलटी ठेवून तिच्यावर बसायचा आणि क्वचितच आवाज चढवायचा. एकाच बाबतीत तो कडक होता. सरावातसुद्धा कुणी बॅट्समनच्या अंगाजवळ मुद्दाम चेंडू टाकला, तर तो पिचर त्या दिवसापुरता घरी जायचा. पोरांना हे विचित्र वाटायचं. मलाही.

त्याचं कारण मला एका शनिवारी कळलं. लायब्ररीच्या मागच्या गल्लीतून मी गाडी नेत होते, आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधून पाच-सहा वर्षांची एक मुलगी चेंडूच्या मागे धावत रस्त्यावर आली. मी ब्रेक मारला. ती बंपरपासून दोन हातांवर होती. चेंडू उचलून, आमच्याकडे न बघताच ती परत पळाली. मी गाडी कडेला लावली आणि किल्ली काढून डेलच्या हातात दिली. म्हटलं, मला नाही शिकायचं. माझ्या हातून कुणाला काही झालं तर मी जगू शकणार नाही.

त्याने किल्ली मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "जगता येतं. मी जगतोय."

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट होती. कॅन्ससमधलं एक गाव, ऑगस्टचा महिना. समोरच्या संघात लुईस नावाचा डॉमिनिकन मुलगा होता, बावीस वर्षांचा, सगळ्यांना माहीत होतं की तो वर जाणार. आदल्या दिवशी धावताना त्याच्या बुटांचे खिळे डेलच्या संघातल्या एकाच्या पोटरीत गेले होते. त्याची परतफेड करायचं मॅनेजरने ठरवलं. मॅनेजरने कॅचरला सांगायचं, कॅचरने पिचरला. मूठ वळून अंगठा बॅट्समनच्या दिशेने झटकायचा, की याला मार. पिचर होता वेन, एकोणीस वर्षांचा, हातात भरपूर वेग आणि नेम जेमतेम. डेलने अंगठ्याची खूण केली. चेंडू बरगडीत बसायला हवा होता. तो लुईसच्या डोळ्याखाली बसला.

"मी सगळ्यात जवळ होतो," डेल म्हणाला. "आवाज मला एकट्यालाच नीट ऐकू आला."

लुईसचा तो डोळा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, संघाची बस खाली उभी असताना, डेल दहा मिनिटं हॉस्पिटलमध्ये त्याच्या उशाशी बसून आला. लवकर बरा हो, एवढंच म्हणाला. वर्तमानपत्राने लिहिलं की पिचरचा ताबा सुटला. लोक वेनला शिव्या द्यायला लागले, दुसऱ्या गावांतसुद्धा. त्या हिवाळ्यात वेनने खेळणं सोडलं. डेल अजून एक मोसम खेळला आणि मग गुडघ्यांचं कारण सांगून बाहेर पडला. खूण कुणी केली होती हे मॅनेजर, वेन आणि तो सोडून कुणाला कळलं नाही. मॅनेजर पुढे वारला. बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. मला का सांगितलं हे मी त्याला कधी विचारलं नाही. मी परकी होते म्हणूनही असेल.

मग त्याने किल्ली परत माझ्या हातात ठेवली. घाबरतेस ते बरंय, म्हणाला, घाबरूनच चालव. मी घरापर्यंत वीसच्या वेगाने गाडी आणली.

मे महिन्यात, मोसमातल्या एका मोठ्या सामन्यात, समोरच्या पिचरचा चेंडू ट्रेव्हरच्या मनगटावर बसला. चुकून बसला असं मला वाटलं, मी बाकावर गुणांची वही घेऊन बसले होते. पण हाड मोडलं होतं, आणि त्याच्या आधी त्याच पिचरने आमच्या आणखी एका मुलाला मारलं होतं. पालक उठून उभे राहिले. पुढच्या डावात त्यांचा सगळ्यात चांगला बॅट्समन खेळायला आला, तेव्हा सगळ्या मैदानाला कळत होतं की आता काय अपेक्षित आहे. आमच्या दुसऱ्या कॅचरने वळून डेलकडे बघितलं. पिचरने बघितलं. मागून बापलोक ओरडत होते. डेल जॅकेटच्या खिशात दोन्ही हात खोल घालून उभा होता. मग तो लंगडत मैदानात गेला, पिचरला काहीतरी सांगितलं आणि परत आला. चेंडू लांब, बाहेरून गेला. त्या बॅट्समनने पुढच्याच चेंडूवर दोन धावा काढून दिल्या, आणि आम्ही दोन धावांनीच हरलो.

चार दिवसांनी, संध्याकाळी सहाला, शाळेच्या कॅफेटेरियात पालकांची मीटिंग बोलावली गेली. मी जाणार म्हटल्यावर मिलिंद काळजीत पडला. "ग्रीन कार्डचं प्रोसेस चालू आहे, यार. जा, सपोर्ट कर, बस तिथे. पण बोलू नकोस प्लीज." मी त्याला काही वचन दिलं नाही. मनात दोन वाक्यं इंग्रजीत जुळवून ठेवली होती.

ट्रेव्हरचा बाप सरळ माणूस होता, आवाजही चढवला नाही. माझ्या मुलाचं मनगट मोडलं आणि तुम्ही खिशात हात घालून उभे राहिलात, हे पोरांना काय शिकवणं झालं, एवढंच त्याने विचारलं. डेलला उत्तर देता आलं असतं. नियम आहेत, लहान पोरं आहेत, असं काहीही. त्याने उभं राहून लुईसची गोष्ट सांगितली. गावाच्या नावासकट, वेनच्या नावासकट, आणि खूण माझी होती हे दोनदा सांगितलं.

मग ट्रेव्हरचा बाप म्हणाला, "म्हणजे तुम्ही एका माणसाचा डोळा घालवलात, एका पोराला त्याचा दोष घेऊ दिलात, सतरा वर्षं गप्प बसलात. आणि आमची मुलं तुमच्या हवाली आहेत."

माझी दोन वाक्यं माझ्याजवळ होती. मी बोलले नाही. मिलिंदने सांगितलं म्हणून नाही. पाय उचललेच नाहीत. सगळ्या खोलीत डेलला त्या दोन महिन्यांत जवळून बघितलेली, पालक नसलेली मी एकटीच होते, आणि मी वहीवर हात ठेवून बसून राहिले.

आठवडाभरात शाळेने कळवलं की पुढच्या वर्षीपासून बेसबॉलचा कोच दुसरा असेल. ड्रायव्हिंगचे वर्ग डेलने चालू ठेवावेत. ट्रेव्हर प्लॅस्टरमधला हात घेऊन शेवटच्या सरावाला आला होता. सगळी बॅट-बॉलची खोकी त्याने एका हाताने डेलच्या गाडीपर्यंत वाहून नेली.

माझ्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेच्या आदल्या शनिवारी डेल शेवटच्या धड्याला आला. मी त्याची माफी मागितली, म्हटलं, मी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, काय बोलली असतीस? त्या माणसाचा प्रश्न बरोबर होता. मग म्हणाला, चूक माझी दुसरीच झाली. जे आधी एका माणसाला सांगायला हवं होतं, ते मी शंभर माणसांना आधी सांगितलं.

त्याने एका जुन्या सहकाऱ्याकडून वेनचा नंबर मिळवला होता. वेन आता छत्तीस वर्षांचा, नेब्रास्कात वडिलांची शेती करत होता. डेलने त्याला फोन करून सांगितलं की ती खूण माझी होती, तुझा ताबा सुटला नव्हता, मी तुला तसं करायला सांगितलं होतं, आणि नंतर मी तोंड उघडलं नाही.

मी गाडी चालवत होते, त्यामुळे मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"तो म्हणाला, ते मला माहीत आहेच, मी तिथेच होतो," डेल म्हणाला. "मग म्हणाला, मी मान हलवली होती, आठवतं का? नाही म्हणून. तू पुन्हा खूण केलीस."

पुढच्या चौकात त्याने खिडकीची काच खाली केली.

"हे माझ्या लक्षातच नव्हतं. सतरा वर्षं मी ती गोष्ट रोज बघतोय. त्यात तो मान हलवत नाही."

मी सिग्नल दिला, आरशात बघितलं आणि उजवीकडे वळले. ते वळण मी पहिल्यांदाच न सांगता बरोबर घेतलं असावं, कारण तो काही म्हणाला नाही.

पुढच्या आठवड्यात मी परीक्षा पास झाले. डेल आता शाळेच्या मैदानावर नसतो. मी खिडकीतून ऐकते तो आवाज घरामागच्या पार्कमधल्या लहान मुलामुलींच्या संघाचा असतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्याला कोच म्हणून बोलावलं. आठ-नऊ वर्षांची पोरं, हातमोजा डोक्याएवढा. बादली तीच आहे की नवी, मला इथून दिसत नाही. मिलिंद म्हणतो, जा ना खाली. मी बहुतेक वेळा जाते. माझं ग्रीन कार्ड आलं, नोकरी लागली, तरी शनिवार सकाळ मी मोकळी ठेवलेली आहे. त्याची गोष्ट ऐकून काही पालकांनी इथेही विचारणा केली होती म्हणे. त्याने तीच गोष्ट त्यांना सांगितली, वेनच्या मान हलवण्यासकट. दोघांनी मुलं काढून घेतली. बाकीच्यांनी ठेवली.

पण २००४ चं माझं सीझन मे महिन्यात संपलं नाही, ते ऑगस्टमध्ये संपलं. एका रविवारी दुपारी डेल दारात उभा होता. आठ तास गाडी चालवून नेब्रास्काहून येत होता, घरी न जाता आधी आमच्याकडे आला होता. हातात मक्याच्या कणसांनी भरलेलं पोतं. वेनच्या शेतातली, म्हणाला, सकाळी तोडलेली. मिलिंदने मागच्या अंगणात शेगडी पेटवली. मी कणसं भाजली, लिंबाच्या फोडीवर तिखट-मीठ घेऊन त्यांना चोळलं. डेलने आयुष्यात मक्याला लोणी सोडून काही लावलं नव्हतं. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तो म्हणाला तिखटाने.

वेनकडे काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दोन दिवस तिथे राहिला होता, कुंपण दुरुस्त करून दिलं, एवढंच कळलं. मग खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्याने टेबलावर ठेवला आणि वर मिठाची बरणी ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून. लुईसचा पत्ता होता. वेन आणि लुईस गेली दहा वर्षं एकमेकांना पत्र पाठवत होते. वेनने कधीच सांगितलं नव्हतं की खूण दुसऱ्याची होती. लुईसला अजूनही वाटत होतं की वेनचा नेम चुकला.

"तीनदा लिहायला बसलो," डेल म्हणाला. "पहिली ओळच जमत नाही. काय लिहू?"

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी थांबले नाही.

"वेनने मान हलवली होती, इथून सुरू करा," मी म्हटलं. "तुमचं नंतर."

त्याने बोटं पुसली, माझ्याकडे पेन मागितलं आणि कणीस बाजूला ठेवलं.